बॅरिस्टर जोसेफ उर्फ काका बाप्टिस्टा

ठाणें जिल्ह्याशीं नातें असलेल्या ज्या ख्रिस्ती पुरुषांनीं देशकार्यांत कीर्ति मिळविली, त्यांत बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा यांचें नांव अग्रभागीं शोभतें. त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं माझगांवच्या माथारपाखाडींत झाला. तरी त्यांचे वडील मूळचे भाईंदरजवळील उत्तन गांवचे. म्हणून आमच्या चर्चच्या ज्युबिलीप्रसंगीं त्यांचें पुण्यस्मरण करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

माझगांवच्या सेंट मेरीज शाळेंतून निघून त्यांनीं पुण्यास इंजिनिअरिंगचें शिक्षण घेतलें. पुढें ते विलायतेस जाऊन केंब्रिज विद्यापीठाचे पदवीधर झाले व बॅरिस्टर होऊन स्वदेशीं परतले. तिकडे असतां आयर्लंडच्या होमरूल चळवळीचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. आयरिश लोकही कॅथोलिक. त्यांना धर्मनिष्ठा आणि स्वराज्याची इच्छा यांत विरोध दिसत नव्हता. तोच विचार हिंदुस्थानास कां लागू नसावा, असा प्रश्न या तरुणाच्या अंतःकरणांत उभा राहिला.

हा प्रश्न त्या काळीं सोपा नव्हता. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, आमच्या समाजानें ईस्ट इंडियन हें नांव धारण केलें होतें. कंपनी सरकारच्या नोकरीशीं असलेला जुना संबंध त्यांत सुचविला होता. पुष्कळ घरांची भाकर सरकारी नोकरीवर अवलंबून होती. अशा समाजांतील मनुष्यानें लोकमान्य टिळकांच्या पक्षाला मिळावें, हें पुष्कळांस धाडसाचें वाटलें असल्यास नवल नाहीं. बाप्टिस्टा मात्र डगमगले नाहींत. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत त्यांनीं टिळकांना कायद्याचें साह्य केलें. १९१० मध्यें सावरकरांवर खटला झाला, तेव्हां त्यांच्या बचावासाठीं उभ्या राहिलेल्या वकिलांतही बाप्टिस्टा होते. ज्या कामांत सरकारची गैरमर्जी निश्चित, त्या कामांत त्यांनीं आपली विद्या खर्चिली.

एप्रिल १९१६ मध्यें बेळगांव येथें टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. तिचे पहिले अध्यक्ष बाप्टिस्टा होते आणि चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. ब्राह्मण चिटणीस व कॅथोलिक अध्यक्ष एका मागणीसाठीं एकत्र बसले, ही गोष्ट आजही मनन करण्यासारखी आहे. १९१७ सालीं लीगच्या कार्यासाठीं ते इंग्लंडला गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांपुढें हिंदुस्थानची बाजू त्यांनीं मांडली.

श्रमजीवी वर्गाशीं त्यांचा स्नेह तितकाच गाढ होता. ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईंत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस भरली, तींत त्यांचा मोठा वाटा होता. १९२१ मध्यें झरिया येथें भरलेल्या तिच्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. काका हें आपुलकीचें नांव त्यांना लोकांनींच दिलें. कायद्याचें ज्ञान श्रीमंतांच्याच कामीं यावें, असें त्यांनीं कधीं मानलें नाहीं.

टिळकांच्या निधनानंतर त्यांची परीक्षा झाली. न्यायालयें आणि कौन्सिलें यांवर बहिष्कार घालण्याचा असहकारितेचा मार्ग त्यांना पटला नाहीं. मिळेल तें घ्यावें व उरलेल्यासाठीं झगडावें, ही टिळकांची रीत त्यांनीं सोडली नाहीं. लोकमत दुसरीकडे वाहत असतां त्यांनीं आपलें मत लपविलें नाहीं. कांहींसे एकाकी पडले, पण देशसेवा थांबविली नाहीं. १९०१ पासून मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनशीं त्यांचा संबंध होता. १९२५ सालीं ते त्या नगरीचे महापौर झाले. १८ सप्टेंबर १९३० रोजीं त्यांनीं देह ठेवला. शिवडीच्या दफनभूमींत त्यांची कबर आहे आणि माझगांवच्या टेकडीवरील बागेला त्यांचें नांव दिलेलें आहे.

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथून आमचे हजारों बंधुभगिनी रोज पहांटे आगगाडीनें पोटासाठीं मुंबईस जातात. कामगारांस संघटित होण्याचा जो हक्क १९२६ च्या कायद्यानें मान्य झाला, त्याची वाट तयार करणाऱ्यांत उत्तनच्या या नातवंडाचा हात होता. आम्ही आपल्या मुलांना संतांचीं चरित्रें सांगतों, तें योग्यच आहे. त्यांच्याजवळच काकांचें चरित्रही सांगावें, म्हणजे वेदीपुढें गुडघे टेकणारा मनुष्य अन्यायापुढें ताठ उभा राहूं शकतो, हें त्यांना आपल्याच घरच्या उदाहरणावरून कळेल.