साताऱ्याहून परतलेला मुलगा



शाळा सुटल्यावर दोन वर्षांनी मी सायकलने गोंदियाला एका भरतीसाठी गेलो होतो. छाती अर्धा इंच कमी भरली आणि मला रांगेतून बाहेर काढले. घरी काय सांगायचे, म्हणून अंधार पडेपर्यंत नागऱ्याच्या शिवमंदिरापाशी बसून राहिलो. तिथे आपले मराठीचे सर भेटले. त्यांनी माझी समजूत काढली नाही. धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट सांगितली. पुढे मी ती स्वतः वाचली.

कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, कोकणातला. मुरुडचा हा मुलगा कमालीचा लाजाळू होता. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी तो 1875 मध्ये सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघाला. शंभराहून अधिक मैलांची वाट, सह्याद्रीचा घाट आणि सगळा प्रवास पायी. वयाची अट त्याने पूर्ण केली होती, पण अंगकाठी लहान. परीक्षकांना वय कमी वाटले आणि त्याला परत पाठवले. पुढच्या वर्षी तो कोल्हापूरला जाऊन पास झाला. मॅट्रिक व्हायला तेविसावे वर्ष उजाडले. 1884 मध्ये बी. ए. झाले आणि 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

त्याच 1891 साली पत्नी राधाबाई गेल्या. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी बहिष्कार घातला. ज्या गावासाठी ते पगारातून पैसे बाजूला काढत, त्याच गावाने पाठ फिरवली. त्यांनी भांडण केले नाही, कामही सोडले नाही. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. कॉलेज आटोपले की कर्वे तिथवर पायी जात. दारोदार वर्गणी मागणे लाजाळू माणसाला किती जड गेले असेल! 1916 मध्ये मोजक्या विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू केले. 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते गेले.

सरांना काय सांगायचे होते, ते मला उशिरा उमगले. आत्मविश्वास आला म्हणून कर्वे चालू लागले नाहीत. लाज, भीती, अपमान सोबत घेऊनच ते चालत राहिले.

मी पुढल्या वर्षी पुन्हा भरतीला गेलो. तेव्हाही निवड झाली नाही. पण त्या दिवशी मी थेट घरी गेलो आणि आईला खरे सांगितले. मग आयटीआय केले, वायरमन झालो, संसार उभा राहिला.

सर आज आपल्यात नाहीत. मेळाव्याला येताना शाळेच्या वाचनालयासाठी कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ आणतो आहे. यंदा नापास झालेल्या एखाद्या मुलाच्या हाती ते आधी द्यावे, एवढीच गुरुजनांना विनंती.