क्रांतिसिंह नाना पाटील

नाना पाटलांच्या पराक्रमाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. पण त्यांच्या कार्याचा आपल्या चुलीशी काय संबंध होता, तो येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

नानांचा जन्म १९०० साली शेतकरी कुटुंबात झाला. वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्र हे त्यांचे गाव. ते तलाठी होते. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. पत्नी लवकर वारली होती. मुलगी हौसाबाई हिला आजीने वाढविले. सरकारने घर व जमीन जप्त केली. भीतीने लोक बोलेनासे झाले, दुकानदार मीठसुद्धा देईना. आजीने आणि नातीने उंबराची फळे शिजवून दिवस काढले. पुरुष देशासाठी घराबाहेर पडला, की घरातल्या बाईला असा लढा द्यावा लागतो.

१९४२ च्या चळवळीत नाना भूमिगत झाले. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालविले. लोक त्याला पत्रीसरकार म्हणत. गावोगावी न्यायमंडळे बसली. सावकार, दारूवाले आणि गावगुंड यांना धाक बसला. हौसाबाईही कामात उतरल्या. एकदा पोलीसचौकीसमोर नवरा मारतो आहे असे सोंग त्यांनी केले. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि सोबत्यांनी आतल्या बंदुका पळविल्या.

याच काळात गांधी लग्ने लागू लागली. हुंडा नाही, वाजंत्री नाही, मानपान नाही; हार घालून थोडक्या पैशांत लग्न. मुलीच्या लग्नापायी शेत गहाण पडते, हे नानांना ठाऊक होते.

१९४६ साली नाना उजेडात आले. स्वराज्य येत होते, पण कसणाऱ्याची जमीन आणि मजुराचे पोट यांचा प्रश्न तसाच होता. म्हणून केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी १९४७ साली काढलेल्या शेतकरी कामगार पक्षात नाना सामील झाले. १९५० साली दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवाद स्वीकारला आणि पुढे मतभेद वाढले. १९५१ साली नाना व दत्ता देशमुख यांनी कामगार किसान पक्ष काढला. जेधे १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले. नाना कम्युनिस्ट पक्षात गेले. शेतकऱ्यांचा मोठा व्हावयाचा पक्ष अशा फाटाफुटीने लहानच राहिला. मात्र संयुक्त महाराष्ट्रासाठी ही सारी मंडळी पुन्हा एका मांडवात आली. १९५७ साली नाना साताऱ्याहून व १९६७ साली बीडहून लोकसभेवर निवडून गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी ते वारले. हौसाबाई २०२१ साली गेल्या.

पक्ष बदलले तरी नानांची बाजू बदलली नाही; ते कष्टकऱ्यांचेच राहिले. मतभेद कोठे नसतात? आपल्या मंडळातही ते होतात. पण कामासाठी पुन्हा एकत्र यावे, हे त्या मंडळींकडून घेण्यासारखे आहे. आणि दुसरे म्हणजे ते साधे लग्न. त्याला कोणत्याच पक्षाची चिठ्ठी लागत नाही. घरात लग्न निघाले, की याद्या आपणच करतो. त्या यादीवर पहिली काट मारणे आपल्याच हातात आहे.