मार्टिन लूथर आणि मंडळीचें गायन

तरुणांचा मेळावा भरला म्हणजे बहुतेक ठिकाणीं एक वाद उपस्थित होतो. वडील माणसांस जुनीं गीतें व जुना उपासनाक्रम पाहिजे असतो; तरुणांस नव्या चाली, नवीं वाद्यें व आपल्या नित्याच्या बोलींतील शब्द पाहिजे असतात. युरोप व अमेरिका येथील लूथरन मंडळ्यांतहि हा वाद चालूं आहे. एक पक्ष ऑर्गन मागतो, दुसरा गिटार व ढोल. आणि दोन्ही पक्ष लूथर ह्यांचेंच नांव पुढें करितात. म्हणून त्या पुरुषानें ह्या कामीं प्रत्यक्ष काय केलें, हें पाहणें बरें.

मार्टिन लूथर ह्यांचा जन्म जर्मनींतील आयस्लेबेन गांवीं ता. १० नोव्हेंबर १४८३ रोजीं झाला. त्यांचे वडील तांब्याच्या खाणींच्या धंद्यांत होते. शिक्षणासाठीं लूथर आयसेनाख गांवीं राहत असतां, तेथील इतर गरीब विद्यार्थ्यांप्रमाणें ते दारोदार गाऊन भाकर मिळवीत. पुढें एका दयाळू घराण्यानें त्यांस आश्रय दिला. ज्या कंठानें लहानपणीं पोट भरिलें, त्याच कंठाचा उपयोग देवानें पुढें आपल्या मंडळीसाठीं करून घेतला.

१५०५ सालीं वादळांत सांपडून भयभीत झालेल्या लूथर ह्यांनीं नवस केला व ते एर्फुर्ट येथील मठांत गेले. तेथें रात्रंदिवस ठरलेल्या वेळीं लॅटिन भाषेंत स्तोत्रें गाइलीं जात. तें गायन त्यांच्या हाडींमाशीं खिळलें. परंतु देवळांतील सामान्य लोकांची स्थिति निराळी होती. सणावारीं लोक एखादें जर्मन गीत गात खरे. पण उपासनेंतील मुख्य भाग याजक व गायकवर्ग लॅटिनमध्यें गात आणि शेतकरी, विणकर, बायका व मुलें हीं उभीं राहून ऐकत. ज्याचा अर्थ कळत नाहीं त्याला आमेन तरी कसें म्हणावें?

१५१७ सालीं त्यांनीं पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ प्रमेयें मांडलीं. १५२१ सालीं वर्म्स येथील राजसभेंत त्यांनीं आपलें म्हणणें मागें घेण्याचें नाकारिलें आणि नंतर वार्टबुर्ग किल्ल्यांत गुप्तपणें राहून नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें.

ते किल्ल्यांत असतां इकडे विटेनबर्ग गांवीं मोठी खळबळ झाली. त्यांचे सहकारी कार्लस्टाट ह्यांनीं १५२१ च्या नाताळांत याजकीय झगे न घालतां, जर्मन शब्द वापरून प्रभुभोजन दिलें. कांहीं लोकांनीं देवळांतील मूर्ति व चित्रें मोडलीं. कार्लस्टाट ह्यांस देवळांतील वाद्यें व अनेक सुरांचें गायनहि नको होतें. १५२२ च्या मार्च महिन्यांत लूथर परत आले व त्यांनीं लागोपाठ आठ दिवस आठ उपदेश केले. त्यांच्या सांगण्याचें सार असें कीं, सुधारणा योग्य असली तरी ती बळजबरीनें होऊं नये; ज्या बंधूचा विश्वास अजून अशक्त आहे त्याला तुडवून पुढें जाणें हें प्रीतीचें लक्षण नव्हे. आधीं वचन शिकवावें, मग पद्धति बदलावी. कित्येक जुन्या रीति त्यांनीं कांहीं काळ पुन्हां चालूं केल्या. तरुण व उतावळ्या अनुयायांस हें रुचलें नसेल. पण मंडळी फुटण्यापासून वांचली.

तथापि ते जुन्यांतच बसून राहिले नाहींत. ता. १ जुलै १५२३ रोजीं ब्रुसेल्स येथें त्यांच्याच पंथाच्या दोन तरुण मठवासीयांस विश्वासास्तव जिवंत जाळण्यांत आलें. ही वार्ता ऐकून लूथर ह्यांनीं लोकगीताच्या धर्तीवर त्या दोघांचें गीत रचिलें. त्या शोकांतून जणूं झराच फुटला. पुढच्या वर्षाअखेर त्यांनीं सुमारें दोन डझन गीतें केलीं. मित्रांसहि त्यांनीं विनंति केली कीं, स्तोत्रांचीं जर्मन गीतें करावीं व दरबारी शब्द टाळून साध्या माणसाला समजेल अशी भाषा वापरावी. १५२४ सालीं पहिलें लहान गीतपुस्तक छापिलें गेलें. त्यांत अवघीं आठ गीतें होतीं व त्यांपैकीं चार लूथर ह्यांचीं होतीं.

त्याच वर्षीं योहान वाल्टर ह्या संगीतज्ञाच्या साह्यानें गायकवर्गासाठीं मोठें पुस्तक निघालें. त्याच्या प्रस्तावनेंत लूथर ह्यांनीं स्पष्ट केलें कीं, हें कार्य विशेषेंकरून तरुणांसाठीं आहे. तरुणांस चांगलें संगीत दिलें नाहीं तर ते हलकीं शृंगारगीतें गातील, हें ते ओळखून होते.

लूथर ह्यांनीं दारूच्या गुत्त्यांतील चाली सरसकट देवळांत आणिल्या, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. तें खरें नाहीं. त्यांच्या अनेक चाली प्राचीन लॅटिन गायनांतून, तर कांहीं जुन्या जर्मन धर्मगीतांतून घेतलेल्या आहेत. मुलांसाठीं नाताळाचें एक गीत त्यांनीं प्रथम लौकिक गाण्याच्या चालीवर बसविलें. परंतु १५३९ सालीं त्यास स्वतंत्र नवी चाल मिळाली.

१५२५ च्या नाताळापासून विटेनबर्ग येथें जर्मन भाषेंत उपासना सुरू झाली व १५२६ सालीं तिचा क्रम छापून निघाला. त्यांत लूथर ह्यांनीं बजाविलें कीं, हा क्रम कोणीं नियमशास्त्र समजूं नये. एवढेंच नव्हे, तर लॅटिन उपासनाहि त्यांनीं ठेविली. कारण तरुणांनीं इतर भाषा शिकून परक्या देशांतहि ख्रिस्ताची सेवा करावी, अशी त्यांची इच्छा होती. अशा रीतीनें जुनें व नवें हीं दोन्ही एकाच देवळांत नांदूं लागलीं.

लूथर हे निर्दोष नव्हते. १५४३ सालीं त्यांनीं यहूदी लोकांविरुद्ध लिहिलेले कठोर शब्द हा त्यांच्या नांवावरील मोठा डाग आहे, व आज लूथरन मंडळ्या तो उघडपणें कबूल करितात. ता. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं आयस्लेबेन येथेंच ते मरण पावले.

आपल्या महाराष्ट्रांतहि असाच प्रसंग आला होता. परदेशी चालींवरील भाषांतरित गीतें चालूं असतां, १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं अभंग, भजन व कीर्तन ह्यांच्या द्वारें मंडळीला आपल्या मातीचें गायन दिलें. आज जीं आपणांस जुनीं वाटतात, तीं गीतेंहि एके काळीं नवींच होतीं.

तर उपदेशक बंधूंनो, तुमच्या गांवच्या तरुणांनीं नवें गीत आणिलें, तर चाल ऐकण्यापूर्वीं शब्द वाचून पाहा: त्यांत ख्रिस्ताचें वचन आहे काय? सर्वांस तें समजतें काय? सगळी मंडळी तें गाऊं शकेल, कीं चौघे गातील व बाकीचे पुन्हां ऐकतच उभे राहतील? आणि तरुणांनो, मागच्या बाकावर बसलेल्या आजीबाईला जें एकच गीत तोंडपाठ येतें, तेंहि त्या दिवशीं गा. तिनें तें दुःखाच्या रात्रीं गाइलेलें असेल.