प्रोफेसरकी सोडली आणि मराठीत ज्ञानकोश आणला : डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

मोबाईलवर एक शब्द टाकला की माहिती समोर येते. शंभर वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. जगाची माहिती पाहिजे तर इंग्रजी यायला पाहिजे, आणि इंग्रजी वाचणारा गावात एखादाच. ही अडचण दूर करायला एका माणसाने आपलं उमेदीचं आयुष्य घातलं. ते म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

त्यांचा जन्म 2 फेब्रुवारी 1884 चा, रायपूरचा. शाळा अमरावतीत, कॉलेज मुंबईच्या विल्सनमध्ये. 1906 साली, बाविसाव्या वर्षी, ते अमेरिकेला गेले. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठात राज्यशास्त्र, समाजशास्त्र शिकले आणि 1911 मध्ये डॉक्टर झाले.

परदेशात जाऊन त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तो मात्र आपल्या घरचाच. जात. हिंदुस्थानातल्या जातींच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1909 मध्ये निघालं. मनुस्मृती लिहिली गेली तेव्हाचा समाज कसा होता, हे त्यांनी त्या ग्रंथातूनच शोधून काढलं. त्यांच्या मते जातीच्या खुणा दोन : एक, जातीत जन्म घेतला तरच माणूस त्या जातीचा. दुसरी, लग्न जातीबाहेर करायचं नाही.

पुढे 1916 मध्ये न्यूयॉर्कला शिकत असताना तरुण भीमराव आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला, त्यात केतकरांच्या मांडणीचा विचार केला. एकेक जात सुटी न पाहता सगळ्या व्यवस्थेचा भाग म्हणून केतकरांनी पाहिली, हे आंबेडकरांना पटलं. पण या खुणा दोन नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. जातीबाहेर लग्नच होऊ दिलं नाही, तर बाहेरचा कोणी जन्माने आत येणार कसा? मुद्दा साधा, पण नेमका. आजही गावात एखादं आंतरजातीय लग्न ठरलं की हाच वाद उभा राहतो.

केतकर 1912 मध्ये परत आले. कलकत्ता विद्यापीठात थोडा काळ शिकवलं. चांगली नोकरी होती, पण डोक्यात ज्ञानकोश होता. नागपुरात त्यांनी त्यासाठी लिमिटेड कंपनी काढली. राजा-महाराजाच्या देणगीवर विसंबायचं नाही, शेअर आणि वर्गणी लोकांकडूनच जमवायची, असा बेत. वर्गणीदार गाठायला ते स्वतः हिंडले. पुस्तक अजून छापलेलंही नाही आणि त्याचे पैसे आगाऊ द्या म्हणायचं, हे काम सोपं नव्हतं. पुढे काम पुण्यात आलं. 1920 पासून खंड निघू लागले आणि दहाएक वर्षांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड पुरे झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी नंतर महाराष्ट्र शब्दकोश केला.

लग्न जातीबाहेर नाही, हा नियम पुस्तकात लिहिणाऱ्या केतकरांनी स्वतः काय केलं? 1920 मध्ये त्यांनी एडिथ कोन या ज्यू बाईंशी लग्न केलं. त्यांना हिंदू धर्मात घेण्यासाठी व्रात्यस्तोम विधी झाला आणि त्या शीलवती झाल्या. बाई स्वतः विद्वान. विंटरनिट्झ यांचा भारतीय साहित्याचा जर्मन इतिहास इंग्रजीत आणला तो त्यांनीच.

केतकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या. 'ब्राह्मणकन्या', 'गोंडवनातील प्रियंवदा' ही त्यातली नावं. भाषा ओबडधोबड अशी टीका झाली आणि ती खोटी नव्हती. पण जात, लग्न, बाईचा हक्क असे प्रश्न त्यांनी आडपडदा न ठेवता घेतले. 1931 मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

मान मिळाला, पैसा मात्र टिकला नाही. शेवटची वर्षं ओढाताणीत गेली, त्यात मधुमेह. 10 एप्रिल 1937 रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय 53 होतं. त्यांच्या मागे शीलवतीबाई पुण्यातच राहिल्या आणि मराठीतून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. केतकरांचा ज्ञानकोश आता इंटरनेटवर आहे, मोबाईलवरही उघडतो.