शाळा आली अंगणात

सकाळ झाली, की मुले दप्तर घेऊन शाळेत जातात. पण जी मुले शाळेत येऊच शकत नाहीत, त्यांनी कसे शिकायचे? ताराबाई मोडक यांना हा प्रश्न पडला होता.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्या काळी फार थोड्या मुली शिकत. तरीही १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. १९२३ साली त्या गुजरातमधील भावनगरला गेल्या. तेथे गिजुभाई बधेका लहान मुलांची शाळा चालवत होते. मुलांना मारायचे नाही, धाक दाखवायचा नाही, खेळातून शिकवायचे, ही त्यांची रीत होती. ताराबाईंना ती मनापासून पटली. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही बालशाळा काढली.

पण खेड्यातील गरीब मुलांचे काय? हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला आल्या. समुद्रकाठचे हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ या शिक्षिका त्यांच्या मदतीला आल्या.

तेथे बालवाडी सुरू झाली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. आईवडील मजुरीला जात. मुले घर आणि धाकटी भावंडे सांभाळत. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. झोपडीपुढच्या अंगणात मुले जमू लागली. शिक्षिका त्यांना अंघोळ घालत, केस विंचरत, गाणी आणि गोष्टी सांगत. महाग साधने नव्हती. शिंपले, खडे, बिया, पाने यांवरून मुले मोजायला व रंग ओळखायला शिकली. हीच अंगणवाडी!

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे काम अनुताईंनी पुढे चालवले.

१९७५ साली सरकारने लहान मुलांसाठी देशभर योजना सुरू केली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.