तीस रुपयांची कारकुनी

९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातल्या एका बिऱ्हाडातून पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत एक अर्ज गेला. हिशेबखात्यात कारकुनाची एक जागा रिकामी असल्याचे अर्जदाराच्या कानावर आले होते. आपण मॅट्रिक झालो आहोत, एफ. ए.पर्यंत शिकलो आहोत, काही अडचणींमुळे पुढचे शिक्षण होऊ शकले नाही, मधला काळ गणिताच्या अभ्यासात घालवला आहे आणि जागा मिळाल्यास काम नीट सांभाळू, अशा आशयाचा तो अर्ज होता. शिकून घरी बसलेल्या तरुणांचे असे अर्ज त्या काळी कुठल्या कचेरीत येत नसत? या अर्जाखाली सही होती ती श्रीनिवास रामानुजन यांची. वय वर्षे २४, पदरी पत्नी, हातात पदवी नाही.

रामानुजन म्हटले की आपल्याला केंब्रिज आठवते, प्रोफेसर हार्डी आठवतात, टॅक्सीच्या १७२९ या नंबराची गोष्ट आठवते. २२ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आता राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. पण हार्डींना पत्र जाण्याआधीची पाच-सहा वर्षे हा माणूस जगाच्या लेखी एक नापास, बेकार तरुण होता. या वर्षांत त्याने कोणाकोणाचे उंबरठे झिजवले आणि कोणी काय उत्तर दिले, हे पाहण्यासारखे आहे. नोकरीच्या शोधात चपला झिजवणाऱ्या आजच्या तरुणाला त्यात आपला चेहरा दिसेल.

वीस रुपयांचे घर

रामानुजन यांचा जन्म १८८७ साली इरोडला, आजोळी झाला. वडील कुंभकोणमला एका कापडाच्या दुकानात कारकून होते. पगार महिना सुमारे २० रुपये. आई कोमलताम्माळ देवळात भजने गाऊन त्यात थोडी भर टाकत. घरात शिकणारी मुले पैसे देऊन राहत, तेवढाच हातभार. अशा घरात मुलाच्या हुशारीकडे ज्या आशेने पाहिले जाते, त्याच आशेने रामानुजनकडे पाहिले गेले. मुलगा शिकेल, सरकारी नोकरीत चिकटेल आणि घर वर येईल.

सुरुवात तशी झालीही. १९०४ साली टाउन हायस्कूलमधून गणिताचे बक्षीस घेऊन मुलगा बाहेर पडला आणि शिष्यवृत्तीवर कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात दाखल झाला. पण त्याआधीच्या वर्षी त्याच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिकवणी-मास्तरांचे एक जाडजूड पुस्तक पडले होते. त्यात सुमारे पाच हजार सूत्रे एकापाठोपाठ एक मांडलेली होती, सिद्धता मात्र बहुतेकांची नव्हती. ती सूत्रे आपली आपण सोडवायची, मग त्यांच्या पुढे जायचे, आणि सापडेल ते वहीत उतरवायचे, असा नाद रामानुजनना लागला. बाकीचे विषय मागे पडले. इंग्रजीत नापास होताच शिष्यवृत्ती गेली. सहामाहीची फी ३२ रुपये, म्हणजे वडिलांच्या दीड महिन्याच्या पगाराहून जास्त. मुलगा घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेला आणि काही दिवसांनी परत आला.

१९०६ साली मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न झाला. आजारपणामुळे शिक्षण अर्धवट राहिले. त्या वर्षाअखेर एफ. ए.ला नापास, पुढच्या वर्षी पुन्हा नापास. गणिताचे कधीच अडले नाही, पण शरीरशास्त्रासारख्या विषयांपुढे हात टेकले. सगळे विषय सुटल्याखेरीज परीक्षा सुटत नव्हती, परीक्षा सुटल्याखेरीज पदवीच्या वर्गाची वाट नव्हती आणि पदवीखेरीज बरी नोकरी नव्हती. नियम कोणी रामानुजनसाठी मुद्दाम केलेला नव्हता, सर्वांना सारखाच होता. त्याच्याशी भांडणार तरी कसे?

नोकरी नाही, कौतुक भरपूर

१९०९ साली आईने मुलाचे लग्न जानकी या दहा वर्षांच्या मुलीशी लावून दिले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एक शस्त्रक्रिया करावी लागली. घरात पैसा नव्हता, तेव्हा एका डॉक्टरने ती फुकट केली. बरे वाटल्यावर रामानुजन वह्या काखोटीला मारून नोकरीच्या शोधात बाहेर पडले. जवळ प्रमाणपत्र म्हणावे असे काहीच नसल्याने या वह्या हेच प्रमाणपत्र. अडचण एवढीच की ते वाचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

त्यांच्यापैकी एक तिरुकोईलूरला डेप्युटी कलेक्टर होते. व्ही. रामस्वामी अय्यर हे त्यांचे नाव. १९०७ साली भारतीय गणित परिषदेची मुहूर्तमेढ त्यांनीच रोवली होती. इथे या गोष्टीचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो, कारण या संस्थेचे ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात होते आणि रँग्लर परांजपे तिच्या उभारणीत होते. रामानुजन यांनी या गृहस्थांकडे आपल्या कचेरीत एखादी साधी कारकुनी द्या, एवढेच मागितले. रामस्वामींनी वह्या चाळल्या आणि नोकरी दिली नाही. अशा बुद्धीला महसूलखात्याच्या तळच्या पायरीवर कोंडून टाकणे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी मद्रासच्या ओळखीच्या मंडळींना चिठ्ठी लिहून दिली.

रामस्वामींचा हेतू थोर होता आणि पुढच्या साऱ्या घटनांची साखळी त्या चिठ्ठीपासूनच सुरू झाली. पण त्या संध्याकाळी तिरुकोईलूरहून परतणाऱ्या तरुणाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मागायला गेला नोकरी, हाती आले कौतुक. आपल्या कामाला तुम्ही जरा जास्तच लायक आहात, हे उत्तर आजही मुलाखतीनंतर अनेकांना ऐकावे लागते. ते खरे असो वा खोटे, त्याने घरचा वाणी थांबत नाही.

मद्रासमध्ये पी. व्ही. शेषू अय्यर भेटले. कुंभकोणमला रामानुजन त्यांच्या हाताखाली शिकले होते. त्यांनी पुढची चिठ्ठी दिली ती नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांना. रावसाहेब गणिताचे जाणकार. पण समोरचा तरुण म्हणतो ते त्याचेच आहे की कुठून उचललेले, हा संशय त्यांना सुटेना. मुंबईचे गणिताचे प्राध्यापक सल्डान्हा यांच्याशी रामानुजन यांनी पत्रव्यवहार केला होता, तो त्यांनी दाखवला. आपल्याला हे सारे समजत नाही, पण हा मनुष्य लबाड नव्हे, असा त्याचा एकंदर सूर. बेकार माणसाला असले दाखलेही जपून ठेवावे लागतात. दोन-तीन भेटी झाल्या, रामानुजन सोप्याकडून अवघडाकडे जात राहिले, आणि शेवटी रावसाहेबांची खात्री पटली. तुम्हाला हवे तरी काय, या प्रश्नावर रामानुजन यांची मागणी साधी होती. दोन वेळचे जेवण बिनघोर मिळावे आणि गणित करत बसता यावे.

रामचंद्र राव दरमहा २५ रुपये पदरचे देऊ लागले. साधारण वर्षभर हा क्रम चालला. १९११ साली परिषदेच्या नियतकालिकात रामानुजन यांचा बर्नुली संख्यांवरचा पहिला लेख छापून आला. तरीही दुसऱ्याच्या पैशावर जगणे त्यांना आत कुठेतरी टोचत होते. शिष्यवृत्तीची खटपट फळाला येईना. शिकवण्या करून पाहिल्या, पण अभ्यासक्रम सोडून मास्तर भलतीकडेच जातात म्हटल्यावर विद्यार्थी टिकतील कसे? १९१२च्या सुरुवातीला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत महिना २० रुपयांवर तात्पुरते काम मिळाले, ते काही आठवडेच टिकले. नापासाचा शिक्का बसल्यापासून पाच वर्षांनी मुलगा वडिलांच्याच पगारावर येऊन ठेपला होता, तोही हंगामी.

अर्ज मंजूर

पोर्ट ट्रस्टच्या अर्जासोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. या तरुणाची गणिताची जाण असामान्य आहे, अशी ग्वाही त्यांनी दिली होती. कचेरीत एस. नारायण अय्यर हे वरिष्ठ हिशेब अधिकारी होते आणि तेही गणित परिषदेच्या कारभारातले. १ मार्च १९१२ रोजी रामानुजन कामावर रुजू झाले. वर्ग तिसरा, श्रेणी चौथी, पगार ३० रुपये.

या नोकरीचा उल्लेख चरित्रांतून बहुधा हळहळीच्या सुरात होतो. एवढा मोठा गणिती आणि खर्डेघाशी! पण रामानुजन यांच्या बाजूने पाहिले तर ही त्यांच्या आयुष्यातली पहिली सुटका होती. ठराविक तारखेला ठराविक रक्कम हाती येणार होती, कोणाचे मिंधे राहायचे नव्हते, पत्नीला आणून संसार मांडता येणार होता. कागद महाग असल्याने गणित पाटीवर चाले. फडके घेण्याइतकाही उसंत नसे, आकडे कोपरानेच पुसले जात, आणि कोपर काळेकुट्ट होई. संध्याकाळी नारायण अय्यर स्वतः पाटी घेऊन त्यांच्यासोबत बसत. साहेब आणि कारकून हे नाते त्या वेळेपुरते बाजूला राही.

नारायण अय्यरांनीच पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांचे लक्ष या कारकुनाकडे वेधले. मग विलायतेला पत्रे जाऊ लागली. तिथेही आधी नकारच पदरी पडले. केंब्रिजच्या बेकर आणि हॉब्सन या दोन मान्यवरांकडून काही निष्पन्न झाले नाही. १६ जानेवारी १९१३ रोजी हार्डींना तिसरे पत्र गेले. आपण पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यात वर्षाला अवघ्या २० पौंडांवर कारकून आहोत, अशी त्याची सुरुवात होती. सोबत सूत्रांनी भरलेली पाने. हार्डी आणि लिटलवुड यांनी ती पाने तपासली आणि हा लबाडाचा उद्योग असू शकत नाही, या निष्कर्षावर ते आले.

पुढचा अडथळा मद्रास विद्यापीठाचा होता. संशोधनवृत्ती द्यायची तर एम. ए. हवे, आणि हा तर एफ. ए.सुद्धा नाही. हार्डींचे पत्र आणि वेधशाळेचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांची शिफारस पुढ्यात होती. शेवटी संशोधनाला उत्तेजन देणे हे विद्यापीठाच्या कायद्यातच लिहिलेले आहे, असा आधार काढून नियमाला वळसा घातला गेला. १ मे १९१३पासून महिना ७५ रुपये सुरू झाले. १७ मार्च १९१४ रोजी बोट विलायतेला निघाली. १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप असे दोन्ही मान त्यांना मिळाले.

वशिला आणि पारख

नोकरीच्या बाजारात चिठ्ठी या शब्दाला आपल्याकडे बरा वास नाही. चिठ्ठी म्हणजे वशिला, हे समीकरण पक्के आहे. रामानुजन यांचे आयुष्य तर चिठ्ठ्यांवरच पुढे सरकले. रामस्वामींची शेषू अय्यरांना, त्यांची रामचंद्र रावांना, मग मिडलमास्ट, स्प्रिंग, वॉकर. फरक एवढाच की बहुतेकांनी चिठ्ठी लिहिण्याआधी वही उघडली होती. ज्यांना समजले नाही त्यांनीही, मला समजत नाही म्हणजे यात काही नाही, असा निकाल दिला नाही. वशिल्याची चिठ्ठी नाव पाहून लिहिली जाते, पारखीची चिठ्ठी काम पाहून. त्यातली दुसरी लिहायला वेळ लागतो, आणि आपला शब्द पणाला लावण्याची तयारीही लागते.

आता अर्ज अनेकदा माणसाच्या हाती पडण्याआधी संगणकच चाळतो. विशिष्ट पदवी नाही, अमुक टक्के नाहीत, मध्ये दोन वर्षांचा खंड आहे, की अर्ज बाजूला. हजारोंच्या गर्दीत दुसरा इलाज काय, असे कोणी म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. पण त्या चाळणीतून १९१२चा रामानुजन सुटला नसता, हेही तितकेच खरे. अठराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंतची त्यांची वर्षे ताठर शिक्षणव्यवस्थेने वाया घालवली, हीच खरी शोकांतिका, असे हार्डींनीही पुढे नमूद केले. शिवाय रामानुजन निदान सापडले. ज्यांच्या वह्या कोणी उघडल्याच नाहीत, त्यांची मोजदाद कोणत्या खात्यात करायची?

विलायतेत प्रकृती ढासळली आणि मार्च १९१९मध्ये रामानुजन मुंबईच्या बंदरात उतरले ते आजारीच. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले, वय ३२. मागे राहिलेल्या जानकी अम्मांना पोटापाण्याचा प्रश्न चुकला नाही. काही वर्षे त्या मुंबईत भावाकडे राहिल्या, शिवणकाम शिकल्या, आणि ट्रिप्लिकेनला परतून शिवणयंत्रावर त्यांनी स्वतःचा चरितार्थ चालवला. १९९४ साली त्या गेल्या.

परतीच्या प्रवासाआधी मद्रास विद्यापीठाने रामानुजन यांना वर्षाला २५० पौंड देऊ केले होते. एकेकाळी तीस रुपयांसाठी अर्ज करणाऱ्याला ही रक्कम केवढी वाटली असेल! जानेवारी १९१९मध्ये त्यांनी विद्यापीठाला आभाराचे पत्र लिहिले आणि त्यात एक विनंती केली. आईवडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत, आपला आवश्यक खर्च भागवावा, आणि उरलेला पैसा गरीब व अनाथ मुलांच्या शाळेची फी आणि पुस्तके यांवर खर्च करावा. कुंभकोणमच्या कॉलेजातली ३२ रुपयांची फी त्यांच्या मनातून गेली नव्हती, असे हे पत्र वाचताना वाटत राहते.