सिंथिया फरार : मुंबईला आलेल्या, नगरच्या झालेल्या शिक्षिका

3 जानेवारीला आपल्या कोपरखैरण्याच्या शाळांमधून सावित्रीबाईंवर भाषणं होतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं भाषण तोंडपाठ असतं. पण सावित्रीबाईंना शिकवायला कसं शिकवलं गेलं, असा प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक नाव हमखास पुढे येतं, ते सिंथिया फरार यांचं. आज त्यांच्याविषयी वाचू या.

सिंथिया फरार यांचा जन्म 1795 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरो गावी झाला. तिथे त्या शिक्षिका होत्या. त्याच काळात बोस्टनमधली एक ख्रिस्ती मिशन संस्था परदेशात माणसं पाठवत होती. या संस्थेची माणसं 1813 पासून मुंबईत होती. धर्मप्रसार, छापखाना आणि शाळा असं त्यांचं काम चाले. 1824 मध्ये त्यांनी मुलींची शाळाही काढली. पण मुलींच्या शाळांकडे रोज लक्ष द्यायला कुणी हवं ना? मिशनऱ्यांच्या बायका घर आणि लेकरं सांभाळून किती करणार? म्हणून फक्त याच कामासाठी एक शिक्षिका पाठवायचं ठरलं. अविवाहित बाईला एवढ्या लांब पाठवण्याची तेव्हा रीत नव्हती. अशा अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये सिंथियाबाईंचं नाव येतं. 1827 च्या जूनमध्ये त्या जहाजात बसल्या आणि डिसेंबर संपता संपता मुंबईला उतरल्या. वय 32.

आता त्यांचं रोजचं काम काय असेल, ते डोळ्यांसमोर आणा. आधी मराठी शिकायची. मुलींच्या शाळा एका जागी नव्हत्या, वस्तीवस्तीत विखुरलेल्या होत्या. त्यामुळे या शाळेतून त्या शाळेत जायचं, मुलींचं वाचन ऐकायचं, कोणाला किती येतं ते पाहायचं. आणि खरी मेहनत तर त्याच्याही आधीची! मुलगी शिकली तर घरावर संकट येतं असं मानणारा तो काळ. आईबापांची समजूत घालावी, मुलगी चार अक्षरं शिकावी आणि तेवढ्यात नऊ-दहाव्या वर्षी तिचं लग्न होऊन पाटी सुटावी. मग पुन्हा नवी मुलगी, पुन्हा अ, आ, इ. आम्ही शिक्षक वर्गातली दोन मुलं गैरहजर असली तरी कुरकुरतो, म्हणून हे वाचताना मला जरा लाजच वाटली. तरीही 1829 पर्यंत या शाळांच्या पटावर सुमारे 400 मुली होत्या, बरं का!

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सिंथियाबाई मिशनच्या होत्या आणि शाळेतून ख्रिस्ती धर्माची शिकवण देणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. हे त्यांनी लपवलं नाही. लोकांचा संशय उगाच नव्हता. 1839 मध्ये मुंबईत एका स्कॉटिश मिशनच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी धर्म बदलला, तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि किती मुलं शाळेतून काढून घेतली गेली! म्हणजे आईबापांपुढे खरोखरच पेच होता. शिक्षण हवं तर ते अशा ठिकाणी, नाहीतर मुलीने निरक्षर राहायचं. हा पेच विसरून त्या पालकांना नुसतं मागासलेले म्हणणं मला पटत नाही.

दहा वर्षांत मुंबईच्या हवेने सिंथियाबाईंची प्रकृती खालावली. 1837 मध्ये त्यांना मायदेशी परतावं लागलं. चाळिशी उलटलेली, तब्येत नाजूक. काम संपलं असंच कुणालाही वाटलं असतं. पण 1839 मध्ये त्या पुन्हा आल्या. या वेळी मात्र मिशनने बेत बदलला आणि त्यांना अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेमलं. तिथलं मिशन 1831 मध्ये सुरू झालेलं. बघा, दहा वर्षं जिथे घर-दार, गल्ल्या, माणसं ओळखीची झाली ते सोडून सगळं नव्याने मांडायचं. रेल्वे तर नव्हतीच, ती ठाण्यापर्यंत यायलाच 1853 साल उजाडलं. तेव्हा मुंबईहून देशावर जाणारी माणसं होडीने पनवेलला उतरत, म्हणजे आपल्या खाडीच्या थोडं दक्षिणेला, आणि मग घाट चढत.

नगरला मुंबईसारखा दर्या नाही, बाजारपेठेची वर्दळ नाही. तिथे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, शिकवलं आणि शिकवणाऱ्याही तयार केल्या. या शाळेत एकदा पुण्याहून एक तरुण आला. आपल्या मित्रासोबत त्याने मुलींचे वर्ग पाहिले. तिथली शिकवण्याची पद्धत त्याला फार आवडली आणि आपल्याकडेही मुलींसाठी असं काही करावं हे त्याच्या मनाने घेतलं. ते होते जोतीराव फुले. 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे 1853 मध्ये आपल्या कामाची हकीगत सांगताना त्यांनी नगरच्या या शाळेचा आणि फरारबाईंचा उल्लेख केला. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचं शिक्षण नगरला फरारबाईंकडे घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं.

गंमत म्हणजे मिशनने आधी ठरवलं होतं तसं सिंथियाबाई मुंबईतच राहिल्या असत्या, तर जोतीरावांना नगरला ती शाळा तशी दिसली असती का, कोण जाणे! एका आजारपणाने आणि एका बदलीने हे घडलं.

नगरला त्यांनी पुढची 22-23 वर्षं काढली. लग्न केलं नाही. सोबतचे किती मिशनरी आले, आजारी पडून गेले, काही इथेच दगावले, पण त्या राहिल्या. 25 जानेवारी 1862 रोजी नगरमध्येच त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांचं वय 66 होतं. न्यू हॅम्पशायरपेक्षा त्यांच्या आयुष्याची जास्त वर्षं शिकवण्यात, आणि शिकवण्याची जास्त वर्षं मराठी बोलण्यात गेली होती.